वाचलं कोण

मिल बंद होऊन आठ महिने झाले, तरी पांडुरंगराव रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचे. चाळीस विणकरांवरचे जॉबर होते ते. आज चप्पल घालताना थांबले. सुरभी परीक्षेसाठी डायनासोरचा धडा घोकत होती.

"उल्का पडल्यावर सगळे एकदम खत्म झाले का गं?"

"नाही बाबा. लांबचे नंतर मेले. धुळीनं सूर्य झाकला, चारा संपत गेला."

"त्यांना कळलं नसेल?"

"काय माहीत. उजाडेल म्हणून वाट बघत बसले असतील."

"मग वाचलं कोण?"

"छोटे. जे मिळेल ते खाणारे."

पांडुरंगरावांनी चप्पल काढली, डबा तिच्यापुढे ठेवला.

"कोपऱ्यावरच्या पोहेवाल्या भियाला सांगून ये, काल कामाला नाही म्हणालो होतो, आज येतो. प्लेटा पण धुईन."