चौदा महिन्यांचा टाका

इलेनियाने दोन सुया घेतल्या आणि डावा बूट मुद्दाम वाईट शिवायला सुरुवात केली.

समोर सरकारी तपासनीस बाई बसल्या होत्या, मांडीवर नोंदवही. मागे मालक नाझ्झारेनो घाम पुसत उभा. शेजारच्या स्टुलावर सेत्तीमिओकाका. शिकाऊंच्या हजेरीवहीप्रमाणे हे काका इलेनियाला चौदा महिने बूट शिवायला शिकवत होते. खरं तर ती नऊ वर्षांची असल्यापासून आईशेजारी स्वयंपाकघरात बसून बूट शिवत आलेली. पण शिकाऊ माणूस ठेवला तर सरकार मालकाला त्याच्या विमा-पेन्शनच्या भरण्यात मोठी सूट देतं, आणि येणारीला काम आधीच येत असेल तर कसली सूट? म्हणून कागदावर ती अडाणी झाली. सूट गेली की नोकरी गेली, हे नाझ्झारेनोने कालच तोंडावर सांगितलं होतं. तिला तिशी गाठायला चार महिने उरले होते, आणि तिशीनंतर शिकाऊ म्हणून कोणी दारात उभं करत नाही.

काल संध्याकाळी काकांनी तिला वाईट शिवायला शिकवलं. चौदा महिन्यांत त्यांनी तिला शिकवलेली ही पहिलीच गोष्ट.

"अंगठा मागे घे. दोरा एकदा करकचून ओढ, एकदा सैल सोड. हां! आता कशी अगदी बावळट दिसतेस!"

दोघं पोट धरून हसले होते.

आज कोणी हसत नव्हतं. बाईंनी तो बूट हातात घेतला, टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"चौदा महिने झाले ना हिला?"

"हो मॅडम," नाझ्झारेनो म्हणाला. "येईल हळूहळू."

"हे पहिल्या दिवसाचं काम आहे." बाई काकांकडे वळल्या. "वहीत तुमच्या सह्या आहेत. एवढे तास काय शिकवलंत हो?"

काकांचा चेहरा पडला. पन्नास वर्षं बूट शिवलेला माणूस. त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची, शिवता येणारी आणि न येणारी. चौदा महिने शिकलेल्याचा टाका कसा पडतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"शिकवलंच नसेल तर सूट रद्द," म्हणत बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा मॅडम!" इलेनिया उठलीच. "काकांनी शिकवलंय हो. तुम्ही समोर बसलात, माझे हात थरथरायला लागले. उजवा शिवून दाखवते."

तिने उजवा बूट ओढून घेतला. घाबरली होती बिचारी, आणि घाबरलेले हात जे येतं तेच करतात. दोरा सरसर जाऊ लागला. चौथ्या टाक्यालाच काकांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी त्या टाक्यांवरूनही अंगठा फिरवला.

"माझी आई बूट शिवायची," त्या हळूच म्हणाल्या. "असा टाका बसायला तिला वीस वर्षं लागली."



"मग आता काय लिहिणार?" इलेनियाने विचारलं.

"तूच सांग. शिकवलं नाही म्हटलं तरी सूट जाते. आधीच येत होतं म्हटलं तरी जाते."

बाईंना वाईट वाटत होतं. ते दिसतही होतं. पण त्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता. त्यांनी पुरावा म्हणून दोन्ही बूट एका खोक्यात ठेवले आणि झाकण तिच्यापुढे सरकवलं.

"यावर शिवणारीचं नाव लिही. त्याखाली शिकवणाऱ्याचं."

आजवर तिने शिवलेल्या प्रत्येक बुटावर कुठल्यातरी बड्या दुकानाचं नाव पडलं होतं. इलेनियाने झाकणावर आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग त्याखाली आईचं.

सेत्तीमिओकाका वाकून वाचत होते.

"हे उजव्याचं झालं," ते म्हणाले. "डाव्यासाठी माझं लिही. तो मी शिकवलाय."