चौथ्याचे घोडे

लेम हॅस्केटला जाग आली तेव्हा त्याच्या शेजारून कुणी भलताच म्हातारा घोड्यावर चालला होता.

लाल धूळ सावकाश वर चढत होती आणि पुढचा अख्खा रिसाला तिच्यात पाण्याखाली असल्यासारखा हलत होता. पाइनच्या झाडांत कुठेतरी मधमाश्या गुणगुणत होत्या. चार दिवस पाठ जमिनीला लागली नव्हती, त्यामुळे झोप कुठे संपली आणि जाग कुठे सुरू झाली, ते लेमला कळेना. हातात तीन रिकाम्या घोड्यांचे लगाम होते. ते पाहून त्याला बरं वाटलं. मग लक्षात आलं, हे घोडे चालायला नको होते.

रिसाल्याची रीतच तशी होती. चौघांतले तिघे उतरून शत्रूचे रूळ उखडायचे आणि चौथ्याने टेकडीमागे त्यांचे घोडे धरून थांबायचं. आज चौथा लेम होता. तिघांत त्याचा मेहुणा ॲन्सेल. जाता जाता तो म्हणाला होता, "दाजी, डुलकी काढलीत तर ताईला पत्र लिहीन हां."

आणि लेमने खोगिरातच डुलकी काढली. वाटेवरून कुठलासा रिसाला गेला. चार दिवस रांगेमागे चालून चालून घोड्यांना तेवढंच ठाऊक उरलं होतं. ते मुकाट्याने त्याच्या शेपटाला लागले. रिसाला निघाला दक्षिणेचा, म्हणजे शत्रूचा. जॉर्जियाच्या धुळीने त्यांचे राखाडी डगले आणि लेमचा उत्तरेचा निळा डगला सारखेच लाल करून टाकले होते, म्हणून बरं, नाहीतर झोपेतच त्याचा निकाल लागला असता.

रूळ उखडायला फार तर तासभर. मग बिगूल वाजणार, सगळे स्वार होणार आणि ते तिघे शत्रूच्या मुलखात पायी राहणार. लेमला रडूच यायला लागलं.

"पाणी घे," म्हातारा म्हणाला आणि त्याने भोपळा पुढे केला. त्याच्याही मागे तीन रिकामे घोडे होते.

"तुम्हीपण चौथे?" लेमने विचारलं. तो सरहद्दीवरच्या केंटकीचा, त्याची बोली दोन्हीकडे खपण्यासारखी होती.

"मीपण."

लेम घटाघटा प्यायला. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं आणि धूळ धुऊन बोटभर निळी रेघ उघडी पडली. म्हाताऱ्याने ती पाहिली. बराच वेळ पाहिली. मग भोपळ्याला बूच लावलं.

"तुझे तिघे कुठेत?"

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. लेमकडे तो नव्हता. "रुळांवर," तो म्हणाला. "माझा मेहुणा आहे त्यांच्यात."

"चिडवतो का?"

"जीव खातो नुसता."

"माझा धाकटा तस्साच," म्हातारा म्हणाला आणि हसला. घोडे चालत राहिले. असंच चालत राहावं, कुणी काही विचारू नये, असं लेमला वाटत होतं, आणि ॲन्सेलचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

एवढ्यात धुळीतून कॅप्टन मागे आला.

"टॉलिव्हर काका, हा कोण तुमच्याबरोबर?"

"माझा धाकटा," म्हातारा म्हणाला. "घोड्यांचे नाल ढिले झालेत. मागच्या गावात लोहाराकडे धाडतोय."

लेमने छातीवरच्या निळ्या रेघेवर हात ठेवला. पण कॅप्टनने त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. तो म्हाताऱ्याच्या मागच्या तीन रिकाम्या खोगिरांकडे पाहत होता. मग वाकून त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आजाऱ्याशी बोलावं तसा हळू बोलला.

"काका, तिन्ही पोरांना आपण मंगळवारी पुरलं. धाकट्यावर माती तुम्हीच लोटलीत."

"असं का?" म्हातारा म्हणाला. "तरी जाऊ दे त्याला."

"बरं, जाऊ दे," कॅप्टन कसाबसा म्हणाला आणि तोंड फिरवून पुढे निघून गेला.

म्हाताऱ्याने लेमच्या घोड्याचं तोंड मागे वळवून दिलं. त्याचे डोळे लख्ख जागे होते.

"मला सगळं आठवतंय," तो म्हणाला. "तुझे अजून जिवंत आहेत. पळव."