मागे चालणारा श्वास

इंदुमतीच्या नवऱ्याला दाखल केलं त्या दिवशी टेक्निशियन वझे म्हणाले होते, "यांचा श्वास आता आमचा कॉम्प्युटर मागच्या मागे चालवत राहील. यादीत ओळखू यावा म्हणून त्याला एक नाव द्या, कुठलंही." तिने चाळीस वर्षांत त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. ती हळूच म्हणाली होती, "अहो."

आज बाराव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा श्वास थांबवायचा होता. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि त्याच्या बायकोने, कृष्णाबाईंनी, सही केली होती. वझे दोघींकडे पाठ करून कीबोर्डवर बसले.

"आजी, नाव काय दिलं होतंत?"

"मी कसलं नाव घेणार, बाबा?" कृष्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "हाक मारायचे तेच दिलं. अहो."

इंदुमतीने चमकून वर पाहिलं. समोरच्या स्क्रीनवरच्या यादीत 'अहो' दोनदा होतं, एकाखाली एक. वझ्यांची नजर मात्र बोटांवर होती. त्यांनी कमांड लिहिली: 'अहो' नावाचं जे जे चालू असेल ते सगळं बंद कर.

"बटण दाबण्याआधी नाव परत एकदा मोठ्याने सांगा, आजी. नियम आहे."

हुंदक्यामुळे कृष्णाबाईंना बोलवेना. इंदुमती धडपडत उठली. 'अहो थांबा, त्यात माझाही माणूस आहे' असं तिला सांगायचं होतं, पण पहिलाच शब्द कसाबसा बाहेर आला.

"अहो..."

"बरोबर," वझे मान न वळवता म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.