बिगुलवाल्याचा साचा
वडिलांना खेळण्यातले सैनिक घडवून प्लॅस्टिकमध्ये ओतायचा नाद होता. त्यांच्या माघारी वाटणीत असं बिनसलं, की लाडक्या बिगुलवाल्याच्या रबरी साच्याचा पुढचा भाग भावाने नेला आणि मागचा बहिणीने. तेव्हापासून ना बिगुलवाला निघाला, ना दोघं बोलली. आज भाऊ आपला भाग घेऊन दारात उभा राहिला. "ताई, नातवाला बिगुलवाला हवाय." "मग पुढचाच ओत की!" म्हणत तिने कपाट उघडलं. दोघांनी साचा जुळवून प्लॅस्टिक ओतलं. बिगुलवाला निघाला, पण दोन्ही कुशींना जाड शिवण घेऊन. "तुझी बाजू आखडलीय," ती म्हणाली. "तुझी फुगलीय." बिगुलवाल्याला खिशात टाकून भाऊ उठला. साच्याचा भाग नेला, तर भाऊ पुन्हा या दारात यायचा नाही, हे जाणूनही ती म्हणाली, "तुझा भाग राहिला." "दोन्ही बांधून ठेव, ताई. सुटे राहिले की वाकडे होतात."