हुतूतूचं साटंलोटं

बुधाजीनं नवऱ्या मुलाची पोटरी दाबून पाहिली. मग मांडी. मग त्याला ओटीवर उभं करून म्हणाला, "दम धर बघू."

कमळ्यानं दम धरला. "हुतूतूतूतू" करत त्यानं अंगणाला फेरी मारली, गोठ्याला वळसा घातला, परसातून परत आला, तरी तोंड चालूच. मुलीकडं अजून कुणी बघितलंही नव्हतं. बुधाजी मुलगाच बघत सुटला होता, आणि पाहुणे मंडळी हातातली सुपारी हातातच धरून त्याच्या तोंडाकडं बघत होती.

बुधाजी स्वतः जन्मात हुतूतू खेळला नव्हता. पण कोंडाणे गावाचं खेळायचं मैदान त्याच्या भाताच्या खाचरात, म्हणून गडी निवडायचा मान त्याचा. घराची एक अख्खी भिंत त्यानं कोळशानं आकडे मांडून काळी केली होती. कुणाच्या किती चढाया, किती पकडी, हे तर होतंच. पण खेळायच्या आधी कोण किती भाकऱ्या खातो, कुणाची सासू बघायला आली की कुणाचा दम तुटतो, तेही होतं. दिवाळीला त्याची लेक आवडी सगळं घर सारवायची, पण त्या भिंतीला हात लावायची तिची टाप नव्हती.

आणि त्या भिंतीच्या भरवशावर गाव साजगावच्या जत्रेत दर साल हरत होतं.

मागच्या जत्रेत तर त्यानं सहदेवालाच बसवून ठेवलं. सहदेव गावातला अव्वल गडी. त्या साली घाटात रेल्वेच्या विजेच्या तारा ओढायचं काम निघालं होतं, तिथं दिवसभर खांब वाहून वर संध्याकाळी खेळायला हजर. "तू लागोपाठ जिंकत आलायस," बुधाजीनं त्याला समजावलं, "म्हंजे आता तू हरायला टेकलास. आनि ह्यो पदू बघ, कंदीच जिंकला नाय. त्याचं सगलं जिंकनं साठून राहिलंय रं!"

पदूचं जिंकणं साठलेलंच राहिलं. पहिल्याच चढाईत चौघांनी त्याला उताणा पाडला. "आकडा बरोबर व्हता," बुधाजी घरी येताना म्हणाला, "पदू चुकला."

काही म्हणा, माणूस तळमळीचा. डोळे मिटायच्या आत एकदा तरी जत्रेतला मानाचा नारळ गावात यावा, याखेरीज देवाकडं त्यानं दुसरं काही मागितलं नाही. त्यासाठीच त्यानं वावोशीचा हा कमळ्या जत्रेत हेरून ठेवला होता. जत्रेचा नियम साधा होता. ज्या गावच्या चुलीवर जेवतो, त्या गावाकडून खेळतो. म्हणजे कमळ्या घरजावई व्हायलाच हवा. सहदेव आपणहून मध्यस्थीला धावला, आणि आज मंडळी ओटीवर येऊन बसली होती.

"आवडे, पोरगा पसंत हाय का गं तुला?" बुधाजीनं विचारायचं म्हणून विचारलं.

"हाय पसंत," आवडी दाराआडून म्हणाली. "जत्रंतच बघितलाय मी. पन तुमी आता पोटऱ्या दाबायचं थांबा, न्हायतर पलून जायाचा तो."

मुलाचा मामा मोरू घसा खाकरून पुढं सरकला. "पोरगा घरजावई देतो आमी. पन साटंलोटं झालं पायजे. आमचा मानूस तुमच्याकडं, तुमचा मानूस आमच्याकडं."

"मला पोरगा नाय, मामा."

"तुमी हाय ना!"

बुधाजीला ठसका लागला. मोरूनं मग नीट उलगडून सांगितलं. त्याची धाकटी बहीण, कमळ्याची मावशी बायजा, विधवा. भातशेती रग्गड, दावणीला बैल, पण घरात पुरुष माणूस नाही. इकडं बुधाजीही विधुर. पाट लावून टाकू. बुधाजीनं वावोशीला जेवायचं, कमळ्यानं इथं.

बुधाजी भिंतीकडं बघत बसला. छाती फुगली होती. गावातल्या एकानं कधी शाब्बास म्हटलं नाही, आणि वावोशीकरांनी मात्र बरोबर माणूस ओळखला! पण आपण गेलो तर या पोरांना गडी कोण निवडून देणार? सहदेवाच्या हाती कारभार गेला तर तो दर खेपेला सहदेवालाच घेईल. आणि आपण कुठं असणार? समोर, वावोशीकरांच्यात. त्यांना जिंकवत.

अखेर डोळे पुसून तो उठला. "गावासाठी जातो मी," तो म्हणाला. "असा गडी मिलत असंल तर हा देह गेला तरी बेहत्तर. खाचर आवडीच्या नावानं. फकस्त माज्यामागं भिंत तेवडी सांभाला रं."

"सांभालू, सांभालू!" अंगणात जमलेलं अख्खं गाव एका सुरात म्हणालं. पदू तर त्याचं बोचकं बांधायला आत पळाला.

बुधाजीला भरून आलं. सुपारी फुटायच्या आधी त्यानं मोरूचा हात धरला. "मामा, ह्या सगल्यांच्या देखत येकदा सांगा. माजी ख्याती वावोशीपातूर पोचली कशी?"

सहदेव बुधाजीच्या पाठीमागून दोन्ही हात हलवून खुणा करत होता. मोरूनं त्या पाहिल्या, पण त्याला काही अर्थ लागला नाही. सरळ माणूस तो.

"ख्याती कसली, पावनं? आमी तर पोरगा द्यायाला तयारच नवतो. पन ह्यो तुमचा सहदेव सारका येऊन पाया पडत व्हता. म्हनला, पोरगा नाय दिलात तरी चालंल, पन बुधाजीला तेवडा घेऊन जा."