फराटे

परवा गाडी फाटकाला घासली, तेव्हापासून लेकाचा डोळा माझ्या किल्लीवर आहे. तरुणपणी यांनी हौसेने शिकवलेली गाडी, अशी सहजी कशी सोडेन?

आज नातीने तिचे नवे फोटो भिंतीवर लावले. मुद्दाम कॅमेरा हलवून काढलेले, नुसते रंगांचे फराटे. "ओळखा पाहू!" लेक हरला, सूनही हरली.

"आई, आता तू सांग," लेक माझ्याकडे रोखून बघत म्हणाला.

परीक्षाच होती. मी घाम पुसला.

"छत्रीवाली बाई. रस्ता ओलांडतेय."

"अय्या आजी, बरोब्बर! कसं गं ओळखलंस?"

मी ऐटीत किल्ली फिरवली.



"त्यात काय! गाडी चालवताना मला सगळी माणसं अशीच दिसतात."