बोक्याचं पोट

मांजरवाल्या मावशींना वाटलं होतं, बोका खाऊन-पिऊन गलेलठ्ठ झालाय. पण त्याचं नगाऱ्यासारखं पोट चाचपून जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ही चरबी नाही मावशी, पाणी झालंय पोटात. मांजरांचा करोना."

"अहो, हा तर उंबरासुद्धा ओलांडत नाही! याला बाहेरचं काय लागणार?"

"बाहेरचं नाही, घरातलंच. हा विषाणू कितीतरी मांजरांच्या आतड्यात निमूट नांदत असतो. फार तर पोट बिघडतं. पण घरात दाटी झाली, जीव सतत धास्तावलेला राहिला, की एखाद्याच्या अंगात तो रूप बदलतो आणि जिवावर उठतो."

"वाचेल ना हो?"

"औषध सुरू करतो, बघू. पण बाकीची जगवायची असतील तर आता एकही नवीन मांजर घरात आणायचं नाही. मायेलासुद्धा आवर घालावा लागतो, मावशी."

मावशींनी कानाला हात लावला. डोळे पुसत त्या बोक्याला टोपलीत ठेवू लागल्या, तेवढ्यात डॉक्टरांनी टेबलाखालून पायानंच एक खोकं पुढे सरकवलं. आत दोन पिल्लं ओरडत होती.

"सकाळी कुणीतरी दवाखान्याच्या दारात टाकून गेलं. दोनच दिवस सांभाळा. तुमच्याशिवाय आहे कोण यांना?"

मावशींनी टोपलीतल्या बोक्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी तोही याच टेबलाखालून आला होता, दोनच दिवसांसाठी.